लेहला उन्हाळ्यात जाताय? बॅगेत काय भरायचं, काय नाही : मराठवाड्यातल्या माणसांचे नेहमीचे प्रश्न

आता आपल्याकडून लेहला जाणारे मोप झालेत. एप्रिल लागला की फोन सुरू होतात, स्वेटर लागेल का, पापड नेऊ का, आजीला नेलं तर चालेल का. दरवेळी प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकलंय. क्रम काही लावलेला नाही, जसे प्रश्न येतात तसेच ठेवलेत. हे सगळं मे ते सप्टेंबर एवढ्यापुरतंच आहे, हिवाळ्यातल्या लेहच्या वाटेला मी जात नाही आणि तुम्हीही पहिल्यांदाच जात असाल तर जाऊ नका.

आम्ही परभणीचे, ४४-४५ अंश अंगावर काढणारी माणसं. लेहच्या २५ अंशाला काय घाबरायचं?

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो आणि तोही छाती काढून. तर ऐका. आपल्याकडं उन्हाळ्यात हवाच तापलेली असते, लिंबाच्या सावलीत बसलं तरी झळा लागतात, रात्री गच्चीवर झोपलं तरी फरशी गरम. लेहला तसं नाही. तिथं हवा थंडच राहते, ऊन ज्याच्यावर पडेल तेवढंच तापतं. उन्हात उभं राहिलात की दहा मिनिटात मान भाजते आणि भिंतीच्या सावलीत दोन पावलं सरकलात की जर्किन शोधायला लागता, एकाच जागी, एकाच वेळी. जुलै-ऑगस्टमधे दिवसा २५च्या आसपास आणि रात्री १०च्या आसपास असतंय, आकडा बघून माणूस फसतो.

दुसरं म्हणजे उंची. लेह ३५०० मीटरवर आहे. आपला मराठवाडा साधारण ३५० ते ६५० मीटरात बसतो, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवले तरी लेह वरच राहतं. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश असतो, म्हणून एका श्वासात जेवढा ऑक्सिजन आपल्याला सवयीनं मिळतो त्याच्या तिसरा हिस्सा कमी मिळतो. आणि दर हजार मीटरला उन्हातले अतिनील किरण दहा-बारा टक्के वाढत जातात. आपल्या शरीराला उन्हाळ्याची जी सवय झालेली असते ना, घाम लवकर येणं, भरपूर येणं, ती विरळ हवेत काडीच्या कामाची नाही. रोज पाच किलोमीटर पळणाऱ्या पोरालाही डोकेदुखी होते आणि त्याच्या बापाला काही होत नाही, असं पुष्कळदा दिसतं. तेव्हा बॅग भरताना गरमीचा विचार डोक्यातून काढा. कडक ऊन, कोरडी हवा, विरळ हवा आणि रात्रीची थंडी, या चार गोष्टींसाठी सामान घ्यायचं, बस.

मग कपडे नेमके कोणते? मी दोन जाड स्वेटर काढून ठेवलेत.

एक परत कपाटात ठेवा. जाड एकच घेतलं की दुपारी ते हातात धरून हिंडावं लागतं. पातळ पातळ तीन-चार घ्या जे एकावर एक घालता येतील आणि काढता येतील : आत पूर्ण बाहीचा सुती किंवा ड्रायफिट टीशर्ट, त्यावर पातळ स्वेटर किंवा फ्लीस, आणि वरून वारा अडवणारं जर्किन. थर्मल इनरचा एक जोड घ्याच, तो लेह शहरात जून-जुलैमधे लागणार नाही पण पँगाँग सरोवरावर रात्री लागतो, तिथली उंची ४२०० मीटरच्या वर आहे आणि जूनमधेही पहाटे पारा शून्याजवळ जातो. कानटोपी, हातमोजे, लोकरीचे पायमोजे दोन जोड.

पूर्ण बाहीचं मी मुद्दाम म्हणते. हाफ टीशर्ट आणि बर्म्युडा घालून बाइकवर फिरलेली पोरं संध्याकाळी हाताला काही लावू देत नाहीत. बाकी कपड्यांची संख्या कमी ठेवा, तिथं हवा इतकी कोरडी असते की रात्री धुतलेला टीशर्ट सकाळी नाही तर मग उन्हात तासाभरात वाळतो. आणि जर्किन नसेल तर नवीन विकत घेऊन पैसे घालवू नका, उन्हाळ्यात आपल्याकडं चांगलं मिळतही नाही, लेहच्या मोती मार्केटमधे गरम कपडे स्वस्तात मिळतात आणि भाड्यानंही देतात बरीच दुकानं.

सनकोट आणि स्कार्फ नेला तर लोक हसतील का?

हसू द्या. स्कूटीवर जाताना आपल्या पोरी जे घालतात ना, पांढरा सनकोट, तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ, हाताला मोजे, त्याच्यासारखी दुसरी चांगली तयारी नाही लेहसाठी. धूळ, ऊन आणि कोरडी हवा तिन्ही अडतात. पुरुषमंडळींनी एक मोठी दस्ती किंवा उपरणं घ्या, गाडीच्या खिडकीतून धूळ येते तेव्हा नाकाला बांधायला. टोपी कडा असलेली घ्या, क्रिकेटची कॅप मान आणि कान झाकत नाही. गांधीटोपी तर अजिबातच नाही, आमचे एक मामा ऐकेनात, कपाळ सोडून सगळं लाल झालं होतं.

गॉगल घ्यावाच लागतो का? मला सवय नाही.

घ्यावाच लागतो. रस्त्यावरचा शंभर रुपयाचा नको, काळी काच आणि अतिनील किरण अडवणारी काच यात फरक आहे. नुसती काळी काच असली की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरण उलट जास्त आत जातात, त्यापेक्षा न घातलेला बरा. यूव्ही ४०० लिहिलेला बघून घ्या. चष्मा असेल तर वरून लावायचा क्लिपवाला. मे-जूनमधे खिंडीत बर्फ असतं, त्यावरून उलटून येणारा उजेड डोळ्याला फार लागतो, पोरांसाठीही घ्या.

सनस्क्रीन, क्रीम वगैरे काय काय?

एसपीएफ ५० सनस्क्रीन, आणि ते सकाळी एकदा लावून झालं असं नसतं, दर दोन-तीन तासांनी लावायचं, मानेला, कानामागं, हाताच्या पंज्याला. पुरुषांनो तुम्ही पण. ओठासाठी एसपीएफ असलेला लिप बाम, कारण पहिल्या दिवशीच ओठ फुटतात आणि मग चहा पिताना डोळ्यात पाणी. व्हॅसलिनची डबी एक, रात्री ओठाला, टाचेला आणि नाकपुडीच्या आत बोटानं थोडंसं. नाक आतून कोरडं पडून रक्ताचा थेंब येतो कधी कधी, घाबरून जाऊ नका, मिठाच्या पाण्याचा नाकाचा स्प्रे मेडिकलमधे मिळतो तो ठेवा.

खोबरेल तेलाचं सांगते. ते २४ अंशाच्या खाली थिजतं, लेहला सकाळी बाटलीतून काही निघणार नाही. रुंद तोंडाच्या डबीत न्या किंवा बदामाचं न्या.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. लातूरला भरलेल्या शॅम्पूच्या बाटलीत इथल्या दाबाची हवा अडकलेली असते, वर गेलं की ती फुगते आणि झाकण उघडताच सगळं अंगावर. चिप्सचे पुडे पण टम्म फुगतात. त्यामुळे प्रत्येक बाटली झिपलॉकमधे घाला आणि भरताना थोडी दाबून आतली हवा काढून मग झाकण लावा. लोणच्याच्या बरणीलाही हाच नियम, तेल गळालं तर सगळ्या कपड्यांना आंबट वास.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात, लेहला चालेल का?

ठेवा. भूक लागली की खाता येईल.

आणि कापूर? सगळे कापराची पुरचुंडी गळ्यात अडकवा म्हणतात.

कापूर हुंगलं की नाक मोकळं वाटतं, गार वाटतं, म्हणून लोकांना वाटतं श्वास वाढला. रक्तातला ऑक्सिजन त्यानं वाढत नाही. वासानं बरं वाटत असेल तर हुंगा पण त्याच्या भरवशावर खारदुंगला खिंड चढू नका, आणि लहान लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, गिळला तर कापूर विषारी असतो.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का?

हे मी सांगणार नाही, तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. निघायच्या आठवडाभर आधी जा आणि विचारा, निघायच्या आदल्या रात्री नको. साधारणपणे डॉक्टर १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाच्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, हे फार महत्त्वाचं आहे. ती घेतल्यावर लघवीला जास्त लागतं आणि बोटांना मुंग्या येतात, तेवढं नेहमीचं आहे.

पण गोळी घेतली म्हणजे पहिल्याच दिवशी बोंबलत फिरायचं असं नाही. विमानानं गेलात तर पहिले दोन दिवस लेहमधेच, आणि त्यातला पहिला दिवस तर खोलीतच काढायचा. आंघोळ टाळली तरी चालेल, जिने चढउतार कमी, दारू नाही, झोपेची गोळी नाही. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं हे उंचीचं सुरुवातीचं लक्षण, ते पित्त नसतं. आपली माणसं इथंच फसतात, पित्ताची गोळी घेतात आणि पुढच्या दिवशी अजून वर जातात. विश्रांतीनं कमी झालं नाही, किंवा बसल्या जागी धाप लागायली, खोकला यायला, चालताना तोल जायला लागला, बोलणं विसंगत झालं, तर एकच उपाय, खाली उतरणं आणि तोपर्यंत ऑक्सिजन. लेहमधे सोनम नोर्बू मेमोरियल हॉस्पिटल आहे, तिथं हे रोजचं काम आहे, जायला लाजू नका.

ऑक्सिजनचा डबा इथूनच घेऊन जाऊ का?

विमानात नेऊ देत नाहीत. लेहमधे मेडिकलला मिळतो. पण तो छोटा डबा काही मिनिटांचाच असतो, हिमतीसाठी ठीक. त्यापेक्षा गाडीवाल्याकडं मोठा सिलिंडर आहे का ते गाडी ठरवतानाच विचारा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर मात्र घ्या, कोरोनाच्या वेळचं घराघरात पडलेलंच आहे, सेल बदलून घ्या. फक्त ते बघून धसका घेऊ नका, पहिल्या दिवशी लेहमधे धडधाकट माणसाचंही ९०च्या खाली दिसू शकतं. गार हात आणि नेलपॉलिश, मेंदी असली की आकडा चुकतो. आकड्यापेक्षा माणूस कसा दिसतोय ते बघा.

सासूबाई ६५ वर्षांच्या, बीपी आणि शुगर दोन्ही. त्यांच्यासाठी वेगळं काय घेऊ?

आधी डॉक्टरांचा होकार घ्या, नुसता तोंडी नको, औषधांची यादी चिठ्ठीवर लिहून घ्या. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, गरोदर असेल कुणी, तर हे आणखीच महत्त्वाचं. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, वर डायमॉक्स पण तसंच करते, म्हणून दोन्हीचं डॉक्टरांना एकत्र विचारा.

गोळ्या दोन भागात. निम्म्या हँडबॅगेत, निम्म्या मोठ्या बॅगेत, म्हणजे एक बॅग हरवली तरी खाडा पडणार नाही. लेहच्या पलीकडं नुब्रा खोऱ्यात, पँगाँगला तुमच्या कंपनीची गोळी मिळेल या भरवशावर राहू नका. इन्सुलिनची तर दोन्हीकडून परीक्षा असते, सचखंड एक्स्प्रेसच्या डब्यात मे महिन्यात ते तापून खराब होतं आणि पँगाँगच्या तंबूत गोठून खराब होतं. प्रवासात गार पाऊचमधे, वर गेल्यावर रात्री पांघरुणात अंगाजवळ. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही, फेकून द्यायचं. ग्लुकोमीटर पण थंडीत चुकीचं दाखवतं, खिशात गरम करून मग वापरा.

साडीच नेसणाऱ्या असतील तर आत थर्मलची लेगिंग, पायात मोजे आणि बूट, वरून गुडघ्यापर्यंतचं जर्किन. छान दिसतं आणि ऊबही राहते. पंजाबी ड्रेस नाही घातला म्हणून काही अडत नाही. एक घडीची शाल पण द्या, हिमरूची ठेवणीतली नाही, साधी लोकरीची.

खायला काय न्यायचं? आमच्याकडं तर शिदोरीशिवाय पायच निघत नाही.

हा माझा आवडता प्रश्न. दशम्या आणि धपाटे रेल्वेतल्या दोन दिवसांसाठी, ते पुढं टिकत नाहीत. वर लागतं ते म्हणजे कोरडं आणि थोडं खाल्लं तरी पोटाला आधार देणारं : गूळ-शेंगदाणे, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, मेतकूट, खारीक, राजगिऱ्याचे लाडू, सातूचं पीठ. उंचीवर पहिले एक-दोन दिवस भूक मरते, ताट पुढं आलं की नको वाटतं, तेव्हा गुळाचा खडा आणि मूठभर दाणे बरे जातात. लसणाचं तिखट घ्या, पण जपून, तिथं तोंड आणि घसा आधीच कोरडा असतो.

येसर घेऊन जाणाऱ्यांना एक सांगणं आहे. आमटी करायची हौस असेल तर कुकरशिवाय जमणार नाही. लेहच्या उंचीवर पाणी ८८ अंशाच्या आसपासच उकळतं, खळखळ उकळलेलं दिसतं पण डाळ काही शिजत नाही. तूरडाळ उघड्या पातेल्यात तासन्‌तास ठेवली तरी कडकच. भात पण कचकचीत राहतो. त्यामुळे कच्चं सामान नेऊच नका, गरम पाणी ओतून होणारं न्या, उपम्याचं भाजून ठेवलेलं, सातू, फारच वाटलं तर शेवया.

विमानासाठी दोन गोष्टी : सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेतून काढून ठेवा, त्यात तेल जास्त म्हणून पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात आणि बाहेर काढायला लावतात, आणि मिरचीचं लोणचं हँडबॅगेत ठेवू नका, चेक-इनमधे टाका. काडेपेटी, लायटर घरीच.

पाणी किती प्यायचं, बाटल्या विकत घ्यायच्या का?

स्टीलची एक लिटरची बाटली प्रत्येकाची स्वतःची, आणि एक छोटा थर्मास. घाम आला की तो लगेच उडून जातो, अंग कोरडंच, त्यामुळे तहान लागल्याचं कळत नाही आणि माणूस दिवसभर अर्ध्या बाटलीवर राहतो. थोडं थोडं पीत राहा, लघवी पिवळी दिसली की कमी पडतंय समजा. पण उगा पाच-सहा लिटर पण ढोसू नका, नुसत्या पाण्यानं उंचीचा त्रास टळत नाही. ओआरएसची चार-सहा पाकिटं ठेवा.

प्लास्टिकच्या बाटल्या टाळा. तिथं कचरा न्यायला जागा नाही आणि गाळलेलं पाणी भरून मिळतं. पाण्याचं म्हणाल तर लेहमधे वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपण सह्याद्रीच्या सावलीतले म्हणून रडतो, तरी आपल्याकडं पावसाळ्यात सातशेच्या घरात पडतो, ते तर हिमालयाच्या सावलीत आहेत. सगळा कारभार बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेल्या लातूरकरांना हे समजावून सांगायची गरज पडू नये, पण हॉटेलात शॉवर सोडून गाणी म्हणणारे आपलेच असतात. बादलीत आंघोळ करा. पुष्कळ गावांत कोरडे संडास असतात, वापरून वरून माती टाकायची, पाणी ओतायचं नाही, म्हणून टिश्यूचा रोल बॅगेत हवा.

मे, जून की ऑगस्ट? त्यानुसार सामान बदलतं का?

बदलतं. शाळेच्या सुट्टीत मे ते जूनच्या मध्यापर्यंत जाणाऱ्यांनी गरम कपडे एक थर जास्त घ्या, खिंडीत बर्फ असतं. शेतीवाली मंडळी मृगाच्या पेरण्या उरकून जुलै-ऑगस्टला निघतात, त्यांना दिवसा चांगलंच ऊन लागतं. २०२४च्या जुलै अखेरीस तर लेहचं तापमान तीसच्या बरंच वर गेलं आणि विमानं रद्द झाली. कारण सरळ आहे, विमानतळच सव्वातीन हजार मीटरवर, तिथली हवा आधीच विरळ, ती तापली की आणखी विरळ होते आणि विमानाला उचल मिळत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टवाल्यांनी परतीच्या प्रवासात एक दिवस मोकळा ठेवा, औषधं आणि कपडे दोन दिवसांचे जास्तीचे ठेवा, आणि दिल्लीहून सचखंडचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका.

पावसाचं : रेनकोट घ्या, वाळवंट आहे म्हणून सोडू नका. ऑगस्ट २०१०मधे लेहला एका रात्रीत ढगफुटीनं मोठा विध्वंस झाला होता. उघड्या डोंगराला पाणी धरून ठेवायला झाडच नाही, थोडा पाऊस पण रस्ता घेऊन जातो.

दिल्लीत ४३ अंश आणि लेहला उतरल्यावर थंडी, कपडे कधी बदलायचे?

लेहची विमानं बहुतेक सकाळीच असतात, दुपारी वारा आणि गरमी वाढते म्हणून. म्हणजे तुम्ही पहाटे घामाघूम विमानतळावर पोचणार आणि तास-सव्वा तासात थंडीत उतरणार. जर्किन, कानटोपी आणि मोजे हँडबॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेच्या तळाशी नको, तिथं पट्ट्यावर बॅग येईपर्यंत लेकरं कुडकुडतात. वजन बहुतेक विमानांत चेक-इनला १५ किलो आणि हातात ७ किलो, घरीच काट्यावर तोलून घ्या, तिथं काउंटरवर बॅग उघडून चादरी काढत बसायची शोभा नको. पॉवर बँक फक्त हँडबॅगेत, चेक-इनमधे चालत नाही.

मोबाइल, चार्जर, पैसे?

आपल्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमधे चालत नाही, पोस्टपेडच लागतं. ग्रुपमधल्या निदान दोघांकडं वेगवेगळ्या कंपनीचं पोस्टपेड असू द्या आणि घरी आधीच सांगून ठेवा की पँगाँगला असताना फोन लागणार नाही, नाहीतर इकडं रडारड. थंडीत बॅटरी लवकर उतरते, रात्री मोबाइल उशाशी नाही, पांघरुणात घ्या. तंबूत वीज ठरावीक तासच असते म्हणून पॉवर बँक मोठी हवी, २०,००० एमएएच पुरते. आणि ऑनलाइन पैशाच्या भरवशावर लेहबाहेर पडू नका, रोख रक्कम लेहमधेच काढून ठेवा. आधारच्या चार-पाच झेरॉक्स प्रत्येकाच्या, चेकपोस्टवर आणि हॉटेलात लागतात, झेरॉक्सचं दुकान शोधत फिरण्यापेक्षा घरून न्या.

बूट कोणते?

वापरलेले. नवे कोरे नकोत. घोटा झाकणारे असले तर उत्तम, नाहीतर साधे स्पोर्ट शूज चालतात. गोंप्यात (बौद्ध मठात) बूट काढावे लागतात म्हणून लवकर निघणारे घ्या, तिथं गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत हेही लक्षात ठेवा. नुब्रातल्या हुंडरच्या वाळूत, जिथं दोन वशिंडांचे उंट आहेत, तिथं चप्पल बरी. दुपारी वाळू चटका देते, संध्याकाळी तीच पायाला गार लागते.

आधी पँगाँग करावं की नुब्रा?

सामानाचा प्रश्न नाही पण विचारतात म्हणून. नुब्रा. खारदुंगला ओलांडावा लागतो, तो ५३५९ मीटर आहे (तिथल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं, ते खरं नाही, १७,५८२ धरा), पण पलीकडं उतरल्यावर दिस्कित-हुंडर लेहपेक्षाही खाली आहे, म्हणजे झोपायला सोपं. खिंडीवर पंधरा-वीस मिनिटं, फोटो काढायचा आणि खाली. पँगाँग शेवटी, तोवर शरीर सरावलेलं असतं. खिंडीच्या दिवशी जर्किन, पाणी, गोळ्या आणि खाऊ गाडीच्या टपावर बांधू नका, पायाशी ठेवा.

येताना बॅगेत जागा ठेवायची का?

ठेवा, निदान दोन किलोची. जुलै-ऑगस्टला ताजे जर्दाळू असतात, रक्तसे कार्पो नावाची पांढऱ्या बीची जात तर जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली आहे, पण ताजं फळ लातूरपर्यंत येत नाही, लगदा होतो, तिथंच खा. वाळवलेले आणा. गोड बी असलेले मागून घ्या, कडू बिया आणून लेकरांना फोडून खायला देऊ नका, त्या त्रासदायक असतात. जर्दाळूच्या बियांचं तेल आणलंत तर चेक-इनमधे. आणि लेहमधे झाकण घट्ट लावलेली प्लास्टिकची बाटली दिल्लीत उतरल्यावर चेपलेली दिसेल, ती फुटलेली नसते, फेकून देऊ नका.